समुद्राकाठी उतरावे कोठे?



व्याख्यानमालेच्या चिटणिसांचे पत्र आले तेव्हा आम्हांला वाटले की ते चुकून आमच्या पत्त्यावर आले असावे. महागाई भत्त्यावर बोला, ग्रॅच्युइटीवर बोला, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. परंतु पत्रात लिहिले होते, "आपण मॉरिशसला जाऊन आलात असे कळते. तेथे समुद्रकाठी कोठे उतरावे, कसे उतरावे, यावर आपले अनुभव सांगावेत." युनियनच्या माणसाने सहलीतल्या मुक्कामावर व्याख्यान द्यायचे म्हणजे वैद्याने जिलबीवर बोलण्यासारखे झाले. पण मग आमच्या मनात आले की, राहण्याच्या जागा हा विषय आमच्याइतका जवळून कोणी पाहिला आहे? आमचे शिक्षण सातवीपर्यंत. तेराव्या वर्षी स्टेशनासमोरच्या एका लॉजमध्ये कपबश्या विसळायला लागलो, पुढे चादरी बदलू लागलो, आणि वाचायला शिकलो ते गिऱ्हाइकांनी खोलीत टाकून दिलेल्या वर्तमानपत्रांवर. त्यानंतरची तीस वर्षे हॉटेल, लॉज आणि खानावळीतल्या कामगारांची संघटना बांधण्यात गेली. तुम्ही लॉज पाहता तो पुढच्या दाराने. आम्ही पाहिला मागच्या दाराने, मोरीपासून माडीपर्यंत. तेव्हा जे सांगणार ते मागच्या दाराचे सांगणार, एवढी सवलत प्रथमच मागून घेतो.

आम्ही गेलो कसे, हेही सांगितले पाहिजे, नाही तर सभासद हिशेब मागतील. आमची मुलगी परिचारिका आहे. आमच्या लग्नाला तीस वर्षे झाली म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरात तिने आम्हां दोघांची विमानाची तिकिटे काढली, आणि पहिल्या दोन रात्रींची जागाही तिनेच ठरवली. उरलेल्या दहा रात्रींची जागा आम्ही शोधायची होती. मुंबईहून विमान सहा तासांच्या आसपास उडते आणि तुम्हांला हिंदी महासागराच्या मध्यावर, मादागास्करच्या पूर्वेला, एका बेटावर उतरवते. बेट आहे सुमारे अठराशे पासष्ट चौरस किलोमीटरचे. आपल्या एखाद्या बेताच्या जिल्ह्यातही त्याच्यासारखी चार-पाच बेटे मावतील.

या बेटाभोवती प्रवाळाची एक भिंत आहे. तिच्या आत पाणी शांत, उथळ, निळे. तसबिरीत जे पाहतो ते हेच. पण दक्षिणेला, सुयाक नावाच्या गावापाशी, ही भिंत तुटलेली आहे. तेथे महासागर कोणाचीही परवानगी न घेता थेट काळ्या कड्यावर येऊन आपटतो. त्या जागेला ग्री-ग्री म्हणतात. जवळच एक कडा आहे, त्याचे नाव 'रडणारा खडक'. लाट फुटली की पाणी त्याच्या अंगावरून ओघळत राहते, म्हणून हे नाव. आम्ही तेथे उभे राहिलो तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, हा तर आपल्याच घाटाचा दगड!" त्यांचे म्हणणे अगदी खरे निघाले. पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त जागेने सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या दख्खनचे काळे पठार ओतले, त्याच जागेवरून पुढे कोट्यवधी वर्षांनी मॉरिशस वर आले, आणि आज तीच आग शेजारच्या रियुनियन बेटावर जळते आहे. म्हणजे सह्याद्री आणि ग्री-ग्रीचा कडा ही एकाच आईची लेकरे, थोरली आणि धाकटी. हे आम्ही परत आल्यावर ग्रंथालयात वाचले. सौभाग्यवतींनी ते तेथेच हात लावून ओळखले होते.

आता मुक्कामाकडे येतो. मुलीने ठरवलेली जागा म्हणजे समुद्रकाठचे एक मोठे हॉटेल. नाव सांगत नाही, कारण गोष्ट त्या एका हॉटेलाची नाही. खोली उत्तम, पलंग एवढा मोठा की आम्हां दोघांना एकमेकांशी बोलायला हाक मारावी लागे. न्याहारीला अठरा तऱ्हा. पण त्या खोलीत बसून आपण मॉरिशसला आहोत की आणखी कोठे, हे कळायला मार्ग नव्हता. पडदे, टॉवेल, भिंतीवरचे चित्र, सारे कोठल्याही देशात चालेल असे. सकाळी सवयीप्रमाणे पाच वाजता जाग आली आणि पाय आपोआप मागच्या फाटकाकडे वळले. तेथे बस थांबली होती आणि तीतून बायका-पुरुष उतरत होते. कोणी हातात चपला घेऊन गणवेशाचे बूट चढवीत होते, कोणी डबा सांभाळीत होते. पहाटेची ही पाळी आम्ही मुंबईत, पुण्यात, नाशकात शेकडो वेळा पाहिली आहे. भाषा निराळी, पण जांभई तीच.

त्याच दिवशी दुपारची गोष्ट. हॉटेलसमोरच्या वाळूत, भरतीच्या रेघेच्या खाली, गावातले एक कुटुंब येऊन बसले होते. आजीबाई, दोन पोरे, डब्यात भात. हॉटेलचा पहारेकरी आला आणि हळू आवाजात त्यांना पुढे सरकायला सांगू लागला. तो दोनदा मागे वळून हॉटेलकडे पाहत होता, यावरून त्याला कोणीतरी पाठवले होते हे स्पष्ट होते. भांडण पहारेकऱ्याशी करण्यात अर्थ नसतो, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. आम्ही काय बोलावे याचा विचार करीत उभे होतो, तोवर सौभाग्यवती उठल्या, आणि हॉटेलची चटई घेऊन सरळ त्या आजीबाईंच्या शेजारी जाऊन बसल्या. पाहुणीला उठवायचे कसे? पहारेकरी हसला आणि निघून गेला. तीस वर्षे आम्ही वाटाघाटी करतो आहोत. इतकी झटपट तडजोड आम्हांला कधी जमली नाही.

या प्रसंगामागे एक कायदा आहे, तो ऐकण्यासारखा आहे. फ्रेंचांच्या काळापासून त्या बेटावर समुद्राच्या कडेचा एक पट्टा राजाने स्वतःकडे राखून ठेवला. भरतीच्या रेघेपासून आत पन्नास पावले. पाऊल म्हणजे त्या काळचे भूमितीचे माप. आजच्या हिशेबाने हा पट्टा ८१ मीटर आणि वर थोडा भरतो. त्याला 'पा जेओमेत्रिक' म्हणतात. इंग्रज आले, १९६८ साली स्वातंत्र्य आले, तरी हा पट्टा सरकारचाच राहिला. तो विकता येत नाही, भाडेपट्ट्याने देता येतो. मोठी हॉटेले आणि श्रीमंतांचे सुट्टीतले बंगले, ज्यांना तेथे कांपमां म्हणतात, ते पुष्कळसे या पट्ट्यावर भाडेपट्ट्याने उभे आहेत. आणि भरतीच्या रेघेखालची ओली वाळू तर सर्वांचीच. तेव्हा आजीबाई आपल्या घरात बसल्या होत्या आणि पाहुणे आम्ही होतो. अलीकडच्या वर्षांत दक्षिणेला पॉम्पोनेटच्या किनाऱ्यावर हॉटेल होऊ नये म्हणून तेथील लोकांनी मोठे आंदोलन केले, ते याच वाळूसाठी. आपल्या कोकणात किनाऱ्यावर जमिनी घेणाऱ्यांची रीघ लागली आहे. तेथील बंधूंनी ही पन्नास पावले समजून घ्यावीत असे आम्हांला फार वाटते.

तिसऱ्या दिवशी आम्ही पिशव्या उचलल्या आणि एस. टी.सारख्या बसने सुयाककडे निघालो. बस स्वस्त आणि वेळेवर, फक्त अंधार पडला की तिचा भरवसा धरू नये. रस्ता उसातून जातो. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये शेतातून वेचून रचलेल्या काळ्या धोंड्यांचे ढीग. ते ढीग आपल्याच माणसांनी रचले. १८३४ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याहून ॲटलस नावाचे जहाज छत्तीस मजूर घेऊन पोर्ट लुईला लागले, आणि पुढे सुमारे साडेचार लाख माणसे करारावर तेथे उतरली. कलकत्ता आणि मद्रासप्रमाणे मुंबई बंदरातूनही गेली; त्यांत कोकणातली पुष्कळ होती. त्यांची वंशज मंडळी तेथे आजही 'मराठी' म्हणून ओळखली जातात, गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते, आणि कोकणातली जाखडी तेथे झाकरी या नावाने अजून नाचली जाते.

सुयाक हे गाव एके काळी बंदर होते. दक्षिणेची साखर येथून होड्यांनी पोर्ट लुईला जाई. मग आगगाडी आली आणि बंदर ओस पडले. मग मोटारी आल्या, १९५६ साली उतारूंच्या गाड्या बंद झाल्या आणि १९६४ साली आगगाडीच गेली. आता प्रवासी येतात. एका गावाने इतक्या वेळा धंदा बदलला की त्याचे तोंड पाहूनच माणसाला विचारावेसे वाटते, बाबा, तुझे जुने कामगार गेले कोठे?

आमच्या प्रश्नाला उत्तर मिळाले ते खोली शोधताना. आम्ही बसथांब्यावरच्या डाळपुरीवाल्याला विचारले. (चण्याच्या डाळीचे सारण भरलेली पातळ पोळी, पुरणपोळीतला गूळ काढून तिखट रस्सा वाढला तर जे होईल ते. चार खाल्ल्या.) आमचा जुना अनुभव असा की राहायला जागा हवी असेल तर खाणे विकणाऱ्याला विचारावे. त्याला गावातली स्वच्छ घरे ठाऊक असतात आणि कोणाला पैशांची गरज आहे हेही ठाऊक असते. त्याने एका घराकडे बोट दाखवले.

घर पाहून आमच्या सौभाग्यवतींचा चेहरा उतरला. सिमेंटची चौकोनी दुमजली पेटी. गच्चीवर लोखंडी सळ्या तशाच वर आलेल्या, जणू घराचे केस उभे राहिले आहेत. रंग एका बाजूला पिवळा, दुसऱ्या बाजूला नाहीच. आपण परदेशात जातो ते काही सिमेंटच्या पेटीत राहायला नव्हे. आपल्या डोळ्यांसमोर असते लाकडी घर, नक्षीची झालर, ओटा, वेताची खुर्ची. तशी घरे तेथे आहेत. पुढे आम्ही सेंट ऑबिन येथे १८१९ सालचे मळेवाल्यांचे लाकडी घर पाहिले, तेथे जेवलोही. ओटा इतका सुंदर की उठू नये. जरूर जावे. मात्र तेथे बसल्यावर नजर एकदा मागे, स्वयंपाकघराच्या पलीकडे टाकावी, आणि ज्यांनी हा ओटा दोनशे वर्षे पुसला ती माणसे रात्री कोठे निजत होती असे विचारावे. आम्ही विचारले. वाढणाऱ्या मुलाने हसून डोंगराकडे हात केला.

पण सिमेंटच्या पेटीचे सांगत होतो. घराची मालकीण साठीच्या पुढची विधवा बाई. मूळची बेटाच्या पश्चिमेकडची, लग्न होऊन इकडे आलेली. आणि आडनाव ऐकताच आम्ही दोघे चमकलो, कारण बाई मराठी वंशाची निघाली. तिला मराठी बोलता येत नव्हते. बोलणे क्रिओलमध्ये, थोडे हिंदीत. पण देवापुढे दिवा लावताना तिने जे म्हटले ते आम्हांला अक्षरन् अक्षर समजले. तिचा नातू शाळेत मराठी शिकतो. त्याने धडा वाचून दाखवला, तो इतका शुद्ध की आमच्या कार्यकारिणीत तसे बोलणारे दोघेच सापडतील.

त्या बाईने सळ्यांचा अर्थ सांगितला. १९६० च्या फेब्रुवारीत कॅरोल नावाचे वादळ त्या बेटावरून गेले. गवताची आणि पत्र्याची घरे हजारोंनी भुईसपाट झाली. तिचा जन्म त्याच सुमाराचा. तिची आई सांगे की छप्पर उसाच्या शेतात जाऊन पडले आणि बाळ माचीखाली सापडले. तेव्हापासून त्या लोकांनी ठरवले की घर बांधायचे तर सिमेंटचे, आणि सळ्या वर सोडायच्या त्या मुलाच्या मजल्यासाठी. मुलगा मोठा झाला, त्याचा मजला झाला. नातवासाठी पुन्हा सळ्या वर. आम्ही ज्याला कुरूप म्हणत होतो तो तीन पिढ्यांचा संकल्प होता. त्या रात्री वारा सुटला. लाटांचा आवाज भिंतीतून पलंगापर्यंत येत होता, खिडक्या धडधडत होत्या, पण घर जागचे हलले नाही. लाकडी झालरीखाली अशी झोप लागली असती का, याची शंका आहे.

आणि आमच्या दृष्टीने याहूनही मोठी गोष्ट पुढेच होती. तिचा नवरा साखर कारखान्यात फिटर होता. युरोपने साखरेला भाव कमी द्यायचे ठरवले, कारखाने एकत्र केले गेले, कित्येक बंद झाले. तेव्हा स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्या कामगारांना रोख रकमेबरोबर घर बांधण्यापुरता जमिनीचा तुकडाही मिळाला. हे घर त्या तुकड्यावर उभे होते. खालचा मजला नवऱ्याने बांधला, वरची खोली त्याच्या मागे मुलाने, आणि त्या खोलीच्या भाड्यावर बाईंचे घर चालत होते.

बंधूंनो, हे ऐकून आम्ही बराच वेळ गप्प बसलो. आम्हांला आपली मुंबई आठवली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख माणूस बाहेर पडला, आणि त्यातला फार मोठा भाग पुन्हा कधी आत गेला नाही. गिरण्यांच्या जमिनींवर पुढे मनोरे उठले. आमच्या लॉजमध्ये भांडी घासायला आलेली किती तरी पोरे त्याच घरांतली होती. त्यांच्या बापांना निघताना जमिनीचा असा एक तुकडा मिळाला असता तर? त्या बेटावर सारे आलबेल आहे असे आम्ही म्हणत नाही. तेथील कामगारांनाही ही जमीन दयेने मिळालेली नाही. १९३६ साली डॉ. मोरिस क्युरे यांनी मजूर पक्ष काढला. १९३७ साली युनियन फ्लाक येथे उसाच्या मजुरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. १९४३ साली बेल व्ह्यू हारेल येथे पुन्हा गोळीबार झाला आणि त्यात अंजली कुपेन ही गरोदर बाई पडली. १९३८ च्या गोदी कामगारांच्या संपानंतर पुढारी इमॅन्युएल आंकेतिल यांना उचलून रॉड्रिग्स या लांबच्या लहान बेटावर नेऊन ठेवले. आज त्या रॉड्रिग्सला लोक घरगुती मुक्कामासाठी आवडीने जातात. आंकेतिलना मात्र तेथे मुक्कामाची जागा निवडता आली नव्हती. एवढे घडले, तेव्हा पुढच्या पिढीच्या पदरात तो तुकडा पडला.

जागा न निवडता आलेला आणखी एक पाहुणा त्या किनाऱ्याने पाहिला आहे. बे द्यु काप येथे रस्ता खडकाला वळसा घालून थेट समुद्रावर येतो. तेथे १८०३ च्या डिसेंबरात मॅथ्यू फ्लिंडर्स हा इंग्रज दर्यावर्दी गळके जहाज घेऊन पाण्यासाठी, डागडुजीसाठी आला. तिकडे युद्ध सुरू झालेले त्याला माहीत नव्हते. फ्रेंच गव्हर्नरने त्याला साडेसहा वर्षे अडकवून ठेवले. प्रथम पोर्ट लुईच्या एका खाणावळीत, जेथे डास आणि ढेकूण यांनी त्याला फोडून काढले. पण पुढे त्याला डोंगरावर एका मळेवाल्या विधवेच्या घरी राहू दिले, आणि त्या घरातल्या माणसांनी त्याला इतके आपले म्हटले की कैदेच्या दिवसांतही त्याने तेथे फ्रेंच शिकून घेतले. आम्ही लॉजच्या कामगारांच्या वर्गात ही गोष्ट सांगतो. कैद्यालासुद्धा घर आठवणीत राहते ते घरातल्या माणसांमुळे.

पश्चिमेकडचा थोडा भाग झटपट सांगतो. बेल ऑम्ब्रचा साखर कारखाना १९९९ साली बंद पडला आणि त्याच्या जमिनीवर आता मोठी हॉटेले व गोल्फची मैदाने आहेत. पुढे ले मॉर्नचा ५५६ मीटरचा कडा. पळालेले गुलाम त्यावर आसरा घेत, आणि २००८ पासून तो जागतिक वारशात आहे. कड्याच्या पायथ्याशी महागड्या खोल्या पुष्कळ आहेत. आम्ही तेथे राहिलो नाही. वर शामारेल नावाचे डोंगरी गाव आहे, तेथे दोन रात्री काढल्या. तेथे 'ताब्ल दोत' म्हणून पद्धत आहे: घरमालक स्वतःच्याच पंक्तीला पाहुण्यांना बसवतो, जे शिजेल ते सर्वांना. आमच्यासारख्या शाकाहारी सौभाग्यवतींनी आधी सांगून ठेवलेले बरे. त्यांनी सांगितले नाही आणि पहिल्या रात्री भात-लोणच्यावर भागवले. लोणचे मात्र झकास होते, तेथेही त्याला अचारच म्हणतात.

शेवटचे चार दिवस माहेबूर. हे पूर्वेच्या खाडीवरचे जुने गाव, सोमवारी मोठा बाजार भरतो, आणि १८७० पासून कसाव्याच्या पिठाची बिस्किटे करणारे एक घराणे तेथे आहे. आम्ही ज्या लहान लॉजमध्ये उतरलो तो एका कोळ्याच्या मुलाचा. न्याहारीला बसलो असता त्याने समोरच्या पाण्याकडे बोट केले. २५ जुलै २०२० ला वाकाशिओ नावाचे प्रचंड जहाज तेथून जवळच, पॉइंट देस्नीच्या बाहेर प्रवाळावर चढले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याअखेर त्याचे तेल गळू लागले आणि सुमारे एक हजार टन तेल खाडीत पसरले. साथीमुळे बेट बंद, लॉजमध्ये एक पाहुणा नाही. तेव्हा गावातल्या माणसांनी सरकारची वाट पाहिली नाही. उसाचे पाचट आणले, कापडाच्या लांब पिशव्या शिवल्या, त्यांत पाचट भरून तेल अडवणारे बांध केले आणि पाण्यात सोडले. लॉजच्या रिकाम्या खोल्यांत पाचट भरण्याचे काम चाले. पलंगाखालून नंतर कित्येक महिने पाचटाच्या काड्या निघत होत्या, असे तो म्हणाला. आमच्याही खोलीत एक काडी निघाली की नाही हे शोधायला आम्ही वाकलो होतो, हे कबूल करतो.

कोणी विचारील, हे ठीक, पण जागा ठरवायची कशी ते सांगा. आम्ही जे विचारतो ते असे. मालक या घरात राहतो का? संध्याकाळचा स्वयंपाक कोण करते, आणि ती बाई शेवटच्या बसच्या आधी घरी जाते का? ती जात नसेल तर आपण लवकर जेवावे. खोली कोणत्या दिशेला आहे? मे ते ऑक्टोबर आग्नेयेचा वारा दक्षिण किनाऱ्यावर सारखा वाहतो. ज्यांना खोकला आहे त्यांनी आतल्या बाजूची खोली मागावी. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत वादळांचे दिवस. आणि समुद्रात उतरता येते का, हे गावातल्या माणसालाच विचारावे. ग्री-ग्रीला प्रवाळाची भिंत नाही, ओढ भयंकर आहे, तेथे पाय बुडवण्याचाही मोह धरू नये. आणखी एक. त्या देशात २०१८ पासून राष्ट्रीय किमान वेतनाचा कायदा आहे. मोठ्या हॉटेलात उतरलात तरी हरकत नाही, सर्वांना विधवेची वरची खोली मिळणार नाही आणि हॉटेलातल्या कामगारांचेही घर चालले पाहिजे. फक्त सकाळी पाच वाजता एकदा मागच्या फाटकाशी उभे राहा आणि उतरणाऱ्यांना नमस्कार करा. दुसऱ्या दिवशी ते तुम्हांला ते हॉटेल कसे आहे हे सांगतील.

अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे, म्हणून सुयाकच्या बाईंचे तेवढे पुरे करतो. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या सौभाग्यवतींनी त्यांच्या चुलीचा ताबा घेतला आणि पुरणपोळ्या केल्या. बाई जवळ उभ्या राहून पाहत होत्या. पोळी तव्यावर पडली तेव्हा त्या म्हणाल्या की आपली आजी ती अशीच, उजव्या हाताने फिरवीत असे. सकाळी त्यांनी हिशेबाचा कागद आणला. चार रात्रींचे भाडे, धुण्याचे पैसे, आणि खाली एक रक्कम वजा केलेली. आम्ही विचारले, हे काय? नातवाने भाषांतर केले: "आजी म्हणते, काल रात्रीचा स्वयंपाक तुम्ही केलात. त्याची मजुरी."

आम्ही आयुष्यभर मजुरीसाठी भांडलो, आणि ही मजुरी घेऊ नका म्हणून सौभाग्यवतींना समजावू लागलो. त्यांनी आमच्याकडे पाहिलेही नाही. पैसे घेतले, कपाळाला लावले, आणि पदराच्या गाठीला बांधले. बस सहाची होती.